ऊनाची लिंबोणी

१२ जुलै
माझी बायको ऊना जाऊन अकरा महिने झाले. परसातल्या तिच्या लिंबोणीच्या फांद्यांना गाठी आल्यात. आत बारीक गांधीलमाश्यांच्या अळ्या. इथे दक्षिण गोलार्धात सप्टेंबरात वसंत लागतो, तेव्हा माश्या होऊन बाहेर पडतील. प्लॅन: ऑगस्टअखेर सगळ्या गाठी छाटायच्या. अर्ध्या दिवसाचं काम.

१३ जुलै, सकाळी ८
पहिल्या फांदीला कात्री लावली आणि मागून ऊना म्हणाली, हात लावू नकोस, तुला यातलं काही कळत नाही. वळून पाहिलं. कोणी नाही. भीती नाही वाटली, बरं वाटलं. वारा फार होता म्हणून काम तहकूब.

२ ऑगस्ट
रोज झाडापाशी जातो. ऊना रोज रागावते. बिअरनंतर इथली पुरुषमाणसं लिंबोणीच्या बुंध्याशी उभं राहून जे खत घालतात ते मीही घातलं, तर म्हणाली, लाज वाटू दे. झाड आहे तोवर ती आहे. शेजारच्या अस्सुंताने कुंपणावरून विचारलं, कोणाशी रे बोलतोस? म्हटलं, रेडिओ. रेडिओ घरात होता.

२५ ऑगस्ट
अस्सुंता तिसऱ्यांदा येऊन गेली. तिच्या पाच लिंबोणी आहेत. म्हणाली, तुझ्या माश्या माझ्याकडे आल्या तर बघ, फांद्या छाट आणि पिशवीत बांधून उन्हात टाक. निम्मं ऐकलं. बाई बोलतेच फार.

३० ऑगस्ट
सतरा फांद्या छाटल्या. ऊना दिवसभर रडत होती. मीही. तिच्या फांद्या कचऱ्यात कशा टाकायच्या? बुंध्याशी नीट रचून ठेवल्या. मला झाडांतलं कळतं, हे आता सिद्ध झालं.

४ नोव्हेंबर
रचलेल्या फांद्यांना टाचणीने टोचल्यासारखी शेकडो भोकं. माश्या तिथूनच उडाल्या. मला कोणी सांगितलं नव्हतं. (अस्सुंताने तीनदा.)

९ जून
लिंबोणी गाठींनी भरली आहे, पानं झडली. अस्सुंताच्या पाचही झाडांना गाठी. ती भांडायला आली नाही. नुसती कुंपणाशी उभी राहून बघत होती. मीच म्हटलं, माझं झाड काढून टाकतो.

१३ जुलै
करवतवाला आला. वीस मिनिटांत मुळासकट काढलं, सगळं पिशव्यांत भरून नेलं. ऊना उद्या माझी चांगलीच हजेरी घेणार. उत्तरं तयार ठेवली आहेत, कागदावर लिहून.

१४ जुलै
सातपासून नऊपर्यंत खड्ड्याशी उभा होतो. कोणी काही बोललं नाही. शेवटी तिच्या आवाजात मीच मला रागावून पाहिलं. जमलं नाही.