सातव्यांदा उघडलेला सायलेन्सर

प्रिय खर्ज,

चार महिन्यांनी पाकिटावर माझं अक्षर पाहून तू ते आधी टेबलावर आपटलं असशील. आपट, पण न वाचता फाडू नकोस. माफी मागायला लिहितेय असंही समजू नकोस. फोन केला नाही, कारण फोनवर तुझा आवाज आला की माझं डोकं फिरतं आणि मग जे सांगायचं ते राहून जातं. वसतिगृहाच्या जिन्यात तू गुणगुणलीस तरी खालच्या मजल्यावरच्या भांड्यांना कळायचं, म्हणून तुला खर्ज हे नाव मीच ठेवलं होतं. तेव्हा मला त्या आवाजाचं कौतुक होतं. पुढे माझ्याच घरात तो ऐकून कोणाचा चेहरा खुलणार आहे हे ठाऊक असतं, तर मी तुला भलतंच काही नाव ठेवलं असतं.

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी वर्कशॉपमध्ये उघडते, हे तुला माहीत आहे. ओट्याशी उभं राहिलं की समोर यांची पाठ दिसते. एकतीस वर्षं मी ती पाठ पाहतेय. लोक मोटरसायकलचा कंपनीचा सायलेन्सर घेऊन येतात, हे त्याचं मागचं झाकण कापतात, आतले पडदे कमी करतात, भोकांची नळी बदलतात, तिच्यावर तो काचेच्या धाग्यांचा टोचणारा कापूस गुंडाळतात आणि झाकण परत वेल्डिंग करून टाकतात. येताना शिंकणारा सायलेन्सर परत जातो तो घसा खाकरत. मला हा उद्योग कधी फारसा पटला नाही, पण यांचा हात चांगला आहे हे मी कोणासमोरही कबूल करीन. त्या खिडकीतून मी यांना चहाला हाक मारते. एकदा, दोनदा, तीनदा. पाठ हलत नाही. शाळेत माझ्या एका हाकेला साठ मुली जागच्या जागी थिजायच्या, आणि घरात एक माणूस मान वळवत नाही. मग मी खाली जाते, समोर उभी राहते, बोलते. उत्तर एकच: "बरं." नळ गळतो म्हटलं, बरं. बहिणीला बरं नाही म्हटलं, तरी बरं. आणि नळ गळतच राहतो.

आणि तू. तुझी मोटरसायकल औषधांच्या दुकानाच्या वळणावर असते, अजून दोन गल्ल्या ओलांडायच्या असतात, तेवढ्यात ही पाठ ताठ होते. ग्राइंडर बंद. हात धुतले जातात, तेही साबणाने, कोपरापर्यंत. जेवायला येताना तेच हात पँटला पुसलेले मी रोज पाहते. मग तू आत येणार, हेल्मेट बाकावर ठेवणार, "काय मिस्त्री, आज काय कापताय?" असं त्या गडगडाटात विचारणार, आणि हे हसणार. माझ्याशी दिवसाला बारा शब्द बोलणारा माणूस तुला तरुणपणीचे किस्से सांगायचा. त्यातले दोन मला माहीत नव्हते. कणीक मळता मळता नवऱ्याचं आयुष्य खिडकीतून ऐकायचं, हे कसं वाटतं ते तुला कळणार नाही. तू निवृत्त झालीस, मोटरसायकल घेतलीस, वाटेल तिथे गेलीस. आपली हाक कोणाला ऐकू जाते की नाही याचा तुला कधी विचारच करावा लागला नाही.

तुझा सायलेन्सर यांनी सात वेळा उघडला. मी मोजलंय. पहिल्यांदा तू आणलास, ते ठीक. दुसऱ्यांदाही समजू शकते. पण पुढच्या पाच वेळा यांनीच तुला बोलावून घेतलं, अजून एक पडदा काढून बघू, अजून जरा खाली उतरवू म्हणत. कोणत्याही बाईने याचा जो अर्थ लावला असता तोच मी लावला. सातव्या वेळी मी खाली आले आणि दोन गिऱ्हाइकांच्या देखत म्हणाले, "तुम्हा दोघांच्या गप्पा संपेपर्यंत हा सायलेन्सर काही पूर्ण होणार नाही." तू हेल्मेट उचललंस आणि निघून गेलीस. यांनी माझ्याकडे पाहिलं, नेहमीसारखं तोंडाकडे, डोळ्यांकडे नाही, आणि मला वाटलं आता तरी काही बोलतील. म्हणाले, "बरं."

तू गेलीस त्यानंतर गोष्टी सुधारतील असा माझा हिशेब होता. झालं उलटंच. गिऱ्हाइकं सायलेन्सर परत आणायला लागली. एक झाला, दुसरा झाला, महिन्यात पाच झाले. सगळ्यांची तक्रार एकच: आवाज जाड आहे, पण वर काहीतरी फाटतंय, पत्रा खरवडल्यासारखं. मला तर ते खिडकीतूनच ऐकू येत होतं. इतकं कानात घुसायचं की मी खिडकी लावून घ्यायचे. जिथे हे कापसाचे चार थर गुंडाळायचे तिथे दोनच गुंडाळत होते. कापूस वाढवा, मी किती वेळा सांगितलं. आणि हे गिऱ्हाइकाला शांतपणे सांगायचे की आवाज उत्तम आहे, तुमचेच कान बिघडलेत. मला लाज वाटायची, आणि खरं सांगते, थोडं बरंही वाटायचं. तू नसलीस की यांचा हात चालत नाही असा त्याचा अर्थ मी काढला, आणि तुझ्यावर आणखी जळले.

मग एका सकाळी मी भाजी घेऊन परत येत होते. फाटकाशीच किटलीची शिट्टी ऐकू आली, ती पाणी उकळून बराच वेळ झाल्यावर येते तशी, किंचाळणारी. धावत आत गेले. हे किटलीपासून हातभर अंतरावर बसून पेपर वाचत होते. पान उलटलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं की भाजी काय आणलीस. किटलीचा तळ काळा पडला होता. मी गॅस बंद केला. त्या क्षणी मी रागावले नाही. रागावायची सवय असूनही जमलं नाही.

चष्म्याचा नंबर तपासायचाय असं सांगून त्यांना घेऊन गेले. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर कान तपासतात. तसंही मी काय कारण सांगितलं ते त्यांना ऐकू आलंच नसणार. तपासणाऱ्या मुलीने त्यांना काचेच्या खोलीत बसवलं आणि नंतर एक आलेख माझ्यासमोर ठेवला. आलेख वाचायला मला कोणी शिकवायची गरज नाही, आयुष्यभर तेच शिकवलं. डावीकडे, खालच्या सुरांपाशी रेघ ठीकठाक होती. उजवीकडे उंच सुरांकडे जाताना ती जिन्यावरून पाय घसरल्यासारखी कोसळली होती. तीस-तीस वर्षं अशा ग्राइंडरपाशी काढली की असंच होतं, ती म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि जरा अडखळत सांगितलं, "तुमचा आवाज नेमका त्या उतारावर आहे. सात-आठ वर्षं तरी निम्मे शब्द त्यांच्यापर्यंत पोचले नसतील. ते तुमच्या ओठांवरून अंदाज बांधत असणार."

घरी येताना रिक्षात मी हिशेब करत होते, आठ वर्षांत मी काय काय बोलले त्याचा. आणि तुझाही हिशेब केला. तुझा आवाज पडतो आलेखाच्या डाव्या टोकाला, जिथे यांचे कान अजून शाबूत आहेत. तुझा सायलेन्सर सात वेळा का उघडला तेही कळलं. आपण काय बनवलंय ते त्यांना ऐकू येत नव्हतं, आणि जेवढं येत होतं तेवढं वाढवत नेत होते. यात तुझा काहीच दोष नाही. पण दोष नाही हे कळल्याने जळफळाट जातो असं ज्याने कोणी सांगितलं असेल, त्याने तो कधी केलेला नाही. दोष असता तर सोपं गेलं असतं. मी तुझ्याशी भांडू शकले असते. निसर्गाने दिलेल्या घशाशी काय भांडू?

यंत्रं आली आहेत, दोन कानांची दोन. त्या मुलीने आलेखाप्रमाणे बसवून दिली आणि कशी लावायची ते मला शिकवलं. ती डबी कपाटात पडून आहे. सायलेन्सर बनवणाऱ्याच्या कानात यंत्र दिसलं तर त्याच्याकडे कोण येईल, असं यांचं म्हणणं. मी सगळं कागदावर लिहून चहाच्या कपाखाली ठेवलं: आलेख, किटली, गिऱ्हाइकं, सगळं. त्यांनी वाचलं, घडी करून खिशात टाकलं, आणि तू ओळखलंच असशील काय म्हणाले ते. परवा आणखी तीन सायलेन्सर परत आले. या वेळी माणसं दुरुस्तीसाठी थांबली नाहीत. आमचा मूळचाच द्या म्हणाली.

आता तुझ्याबद्दल. मंगळवारी मी औषधांच्या दुकानात उभी होते आणि तू समोरून गेलीस. तुला मी दिसले नाही. मोटरसायकल तुझीच होती, आवाज मात्र कंपनीचा, साधा, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला. म्हणजे यांनी सात वेळा उघडलेला सायलेन्सर तू उतरवून ठेवलास आणि कोणालाही सांगितलं नाहीस. आधी मला आनंद झाला, लपवत नाही. दुकानातल्या माणसाने विचारलं, काय बाई, आज खुशीत. रस्ता ओलांडेपर्यंत तो आनंद उतरला. वर फाटणारा तो आवाज तुलाही ऐकू येत असणार, आणि त्यांचं मन राखायला तू गप्प राहिलीस. त्या वर्कशॉपमधला सगळ्यात चांगला सायलेन्सर तुझ्या गाडीला आहे असं ते अजूनही गिऱ्हाइकांना सांगतात.

म्हणून लिहितेय. रविवारी ये. तो उतरवलेला सायलेन्सर सोबत घेऊन ये, त्यांच्या बाकावर ठेव, आणि तो का काढलास ते तुझ्या तोंडाने सांग. गोड करून सांगू नकोस. मी सांगितलं तर ते बायकोचं बोलणं होतं, कागदावर लिहिलं तर घडी घालून खिशात जातं. तुझं एकही अक्षर ते चुकवत नाहीत, हे मला लिहावं लागतंय, यापेक्षा जास्त माझ्याकडून मागू नकोस. मी वर खिडकीत असेन, खाली येणार नाही. तुझं सांगून झालं की मला खूण कर, मी डबी घेऊन येईन. फक्त एक कर. यंत्रं त्यांच्या कानात बसली की तू तोंड मिटून राहा, काही विनोद सुचला तरी. पहिला आवाज माझा जाऊ दे. काय बोलायचं ते मी चार दिवस ठरवतेय आणि ठरत नाहीये, पण ते तू बोलून चालणार नाही.

अजूनही जळणारी, तरी तुझीच,
खोली नंबर नऊमधली