हालिलिंतारचं गाणं आणि माझ्या छातीतला पहिलवान

सोलो, मंगळवार

आदरणीय म्बाक्यू सुहार्ती यांस,

धाकट्या भावाचा, हारजांतोचा, थोरल्या बहिणीला वाकून सलाम. मलांगला थंडी पडली असेल, म्हणजे तुमचे गुडघे कुरकुरत असणार. त्यांची वेगळी विचारपूस करतो. भावोजींचं पोट, सुनेचे डोहाळे, परसातलं अॅव्होकाडोचं झाड, सगळं ठीक असेलच. इकडे तुमची भावजय एंडांग खुशाल आहे (माझ्यावर चिडलेली आहे, पण तब्येतीने खुशाल). फोनच करणार होतो, पण डॉक्टरीणबाईंनी जास्त बोलू नका म्हणून बजावलंय. शिवाय फोनवर तुम्ही मध्येच रागावता. पत्रात ती सोय नाही.

तर मी हॉस्पिटलात जाऊन आलो. घाबरू नका, आलो म्हणून तर लिहितोय.

दमा तोच जुना. लहानपणी तुम्ही ज्याच्यासाठी माझ्या पाठीला नाणं घासून घासून झेब्रा केला होतात, तो. फरक इतकाच की आता माझ्याकडे हालिलिंतार आहे. असा गाणारा मुराई पक्षी अख्ख्या सोलोत नाही, म्बाक्यू! शेपूट वीतभर, आवाज रेशमी, आणि कानावर पडेल ते उचलण्यात पटाईत. पिंजरा माझ्या उशाशी असतो (असायचा, त्यावर पुढे येतो). मी त्याला बासरीचे सूर ऐकवत होतो, तो मात्र शिकला भलतंच. एकदा मी चहा पीत असताना पिंजऱ्यातून माझ्या छातीची शिट्टी आली. मग माझा खोकला. आणि शेवटी माझ्या दम्याच्या निळ्या पंपाचा 'फस्स'! एंडांग स्वयंपाकघरातून ओरडली, "किती वेळा ओढाल तो पंप?" मी निर्दोष होतो, पण सिद्ध कसं करणार?

पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धेला, रविवारी, मैदान नुसतं गजबजलेलं. पिंजरे रांगेने टांगलेले, हातात निशाणं घेतलेले परीक्षक फिरतायत, लवंगेच्या सिगारेटींचा धूर, धूळ, आणि कुंपणाबाहेर आम्ही मालक मंडळी बेंबीच्या देठापासून ओरडतोय. हालिलिंतारने आधी रीतसर सूर लावला, मग एकदम माझी शिट्टी, खोकला, फस्स! लोक वेडे झाले. असली तान कुणी ऐकलीच नव्हती. मी तर आनंदाने नाचलो (वय एकसष्ट, लुंगी सैल, जाऊ द्या), आणि नाचता नाचता छाती आवळली.

खिसे चाचपले. पंप दुसऱ्या शर्टात. मी खाली बसलो आणि शेजारच्या तुगिमानचा, आपल्या पिंजरेवाल्याचा, पाय ओढला. छातीतून चांगली खणखणीत शिट्टी वाजत होती. तुगिमान पिंजऱ्याकडे बघत म्हणतो, "वा रे हालिलिंतार! आज घसा सोन्याचा झालाय!" मी छातीकडे बोट दाखवलं. त्याला वाटलं, अभिमानाने दाखवतोय. त्याने टाळ्या वाजवल्या. म्बाक्यू, मी तिथे माशासारखा तोंड उघडून बसलोय आणि भोवती शंभर माणसं माझ्या दम्याला दाद देतायत!

मला वाचवलं नाकतोड्याने. हालिलिंतारला पिंजऱ्यात नाकतोडा दिसला, तो गाणं सोडून खायला लागला. पक्षी गप्प, सूर मात्र चालूच. तेव्हा कुठे तुगिमानने खाली माझ्याकडे पाहिलं. "अरे देवा, हा तर मालक गातोय!"

मग त्याच्या मोटरसायकलवर मी मध्ये, मागे मला धरायला त्याचा मेव्हणा, आणि मेव्हण्याच्या हातात पिंजरा. हॉस्पिटलात वाफ दिली. श्वास परत आला तेव्हा समोर डॉक्टर निंग, आपल्या सुनेच्या वयाची मुलगी. म्हणाली, श्वासनळीभोवती स्नायू गुंडाळलेला असतो, तो आवळला की दम लागतो. मी म्हटलं, तेवढं ठाऊक आहे. म्हणाली, वर्षानुवर्षांच्या दम्याने तिथल्या पेशी वाढून तो स्नायू जाडजूडही होतो. मला भरून आलं. माझ्या अंगात कुणाला स्नायू सापडला तो आयुष्यात पहिल्यांदाच! "म्हणजे आत पहिलवान आहे म्हणा की," मी म्हटलं.

"पहिलवान नाही काका, गुंड आहे," ती म्हणाली. "पूर्वी वाटायचं, हा फक्त आवळतो, सूज दुसरेच आणतात. पण याच्या पेशी स्वतः रसायनं सोडतात, सूज आणणाऱ्या पेशींना बोलावून घेतात. ती टोळी आली की हा आणखी चेकाळतो. निळा पंप फक्त याची मूठ सैल करतो. टोळीला आवर घालतो तो रोजचा तपकिरी पंप. तो का बंद केलात?"

"बरं वाटत होतं म्हणून."

"बरं वाटत होतं ते त्याच्यामुळेच."

एंडांगही धावत आली होती, तिथेच उभी होती. औषधाची चिठ्ठी तिने स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. तुम्ही तिला ओळखता. मला फार भीती वाटते.

निकाल सांगायचा राहिला: दुसरा नंबर! पण तिसऱ्या नंबरवाल्याने हरकत घेतली, की अर्धं गाणं मालकाचं होतं. चौकशी चालू आहे.

सगळ्यांना नमस्कार. मी अगदी ठणठणीत आहे.

तुमचा,
हारजांतो

ता. क. पिसांची धूळ मला सोसत नाही, पिंजरा घरात नको, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. तुमचा व्हरांडा ऐसपैस आहे. सहज आठवलं.

ता. क. २. तुगिमान पिंजरा घेऊन सकाळच्या गाडीने निघतोय. हे पत्र त्याच्याच खिशातून येतंय, म्हणजे वाचताय तेव्हा तो दारात उभा असेल. त्याला जेवू घाला. पक्ष्याला नाकतोडे.

ता. क. ३. (एंडांगच्या हातचं.) म्बाक्यू, यांचे ओठ निळे पडले होते, ते यांनी लिहिलं नाही. पिंजरा देताना हे न्हाणीघरात जाऊन रडले, तेही नाही. आता तपकिरी पंप रोज माझ्यासमोर घेतात. तुम्हाला फोन करतील तेव्हा पक्षी गप्प असला तरी सांगा, गातोय म्हणून.