बाबांचं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्वर

२ मार्च
बाबा जाऊन तीन आठवडे झाले. रडू आलेलं नाही. ताई म्हणते, धक्का बसलाय. मला वाटतं माझं मनोबलच तसं आहे.

कपाट आवरताना त्यांच्या स्वेटरखाली रिव्हॉल्वर निघालं. घरात आहे हे ऐकून होतो, हातात आज पहिल्यांदा घेतलं. रिकामं आहे. तरी तोंड भिंतीकडे करून ठेवलंय. परवाना बाबांच्या नावावर, त्यामुळे महिनाअखेर पोलीस ठाण्यात जमा करावं लागणार.

ताईने आणखी एक बजावलं. आईला या घरात एकटं वाटतं. महिनाभर तिच्याजवळ बस, तिच्याशी बोल, नाहीतर मी तिला माझ्याकडे नेते. म्हणालो, आईचं मी बघतो, तू निर्धास्त राहा.

संकल्प: रोज संध्याकाळी एक तास आईसाठी. उद्यापासून.

४ मार्च
रिव्हॉल्वर साधंसुधं नाही! सिंगल अ‍ॅक्शन आहे, म्हणजे दर गोळीला घोडा अंगठ्याने मागे ओढायचा, मगच चाप दाबायचा. इथवर ठीक. पण गोळ्यांची सहाऐवजी पाचच घरं. चापाभोवती कडी नाही. गोळ्या भरायची झडप डावीकडे, एरवी असते उजवीकडे. कंपनीचं नाव घासून गेलेलं. इंटरनेटवर डोळे दुखेपर्यंत फोटो पाहिले, असं एकही नाही.

निष्कर्ष: कोणा डावखुऱ्या बड्या अधिकाऱ्यासाठी खास बनवलेला एकमेव नमुना.

आई दारात येऊन म्हणाली, ते होय, अरे ते तुझ्या बाबांनी... मी म्हणालो, आई, टेक्निकल बाब आहे, नंतर. लगेच गेली. समजूतदार आहे.

एक तास आज जमला नाही. रिसर्च हेही एका अर्थी घरचंच काम.

९ मार्च
समोरचे कर्नल येऊन गेले. (सैन्यात नव्हते, सैन्याला मोजे पुरवायचे. पण मिशा आहेत.) मुठीच्या तळाशी खोल खाचा आहेत, त्या त्यांच्या नजरेने टिपल्या. म्हणाले, एक खाच म्हणजे एक माणूस. आम्ही दोघांनी खाचा पुन्हा मोजल्या. मग त्यांनी चहा मागितला.

चहा आईने आणला. कप ठेवताना खाचांकडे बघून हसली. हल्ली कुठेही हसते. ताईला कळवावं का? नको, ती राईचा पर्वत करेल.

या रिव्हॉल्वरवर लेख लिहिणार. शीर्षक ठरलं. सोबत माझा फोटो लागेल म्हणून केस कापून आलो.

१५ मार्च
लेखाची अर्पणपत्रिका झाली. 'बाबांस.' भारदस्त वाटते. आता लेख तेवढा राहिला.

ऑफिसात रजा टाकली. साहेब म्हणाले, घरच्यांबरोबर वेळ घालवा. म्हणालो, तेच चाललंय.

आई टीव्हीचा आवाज बंद ठेवून बघत बसते, माझ्या कामात व्यत्यय नको म्हणून. तिचा केवढा आधार आहे.

ताईचा फोन. आई कशी आहे? ठणठणीत. बोलता का दोघं? पुष्कळ. काय बोललात, एक तरी सांग, म्हणाली. ताईचा स्वभाव मुळातच संशयी.

२१ मार्च
बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. अरुंद दुकान, तेलाचा वास. त्याने भिंग लावलं, घोडा ओढून सोडला, कानाशी धरून आवाज ऐकला. म्हणाला, हे एक रिव्हॉल्वर नाहीच, तीन मिळून झालंय. नळी एकाची, सांगाडा दुसऱ्याचा, सिलिंडर तिसऱ्याचं. कडी मोडली असणार, उरलेली कोणीतरी करवतीने उडवली. आणि झडप डावीकडे का? म्हणाला, जोडणाऱ्याला जमलं तिथे बसवली. खाचांबद्दल मी विचारणारच नव्हतो, पण त्यानेच सांगितलं. म्हणाला, साहेब, याने कोणीतरी खिळे ठोकलेत.

बाहेर आलो. काहीच वाटलं नाही. बाबा गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, त्या दिवशीही असंच झालं होतं.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, अरे, तेच तर सांगत होते! हातोडी हरवली आणि नवी आणायचा यांना कंटाळा. घरातला एकूणएक फोटो त्यानेच टांगलाय.

मग मुळात ते आलं कुठून, म्हणालो. तिचा चेहरा खुलला. खुर्ची ओढून बसली, म्हणाली, ती मोठी गंमत आहे, बस इथे. तेवढ्यात कर्नलांचा फोन. तीन मिळून झालंय हे ऐकून म्हणाले, म्हणजे तिप्पट इतिहास! खरंच की. नवा मुद्दा लगेच टिपून घेतला. येऊन बघतो तर आईला खुर्चीतच डुलकी लागलेली. उद्या विचारू.

२७ मार्च
ताई आईला घेऊन गेली. म्हणालो, महिना कुठे संपलाय? ताई म्हणाली, आईनेच फोन करून बोलावलं. आईने माझ्या गालावरून हात फिरवला, म्हणाली, तुझं काम होऊ दे बाबा. दोन बॅगा, औषधांचा डबा. उशीही नेली, म्हणजे मुक्काम थोडा लांबेल. तिलाही बदल हवाच होता.

आता शांतता आहे. लेख झपाट्याने होईल.

टीव्ही तसाच चालू राहिला होता. संध्याकाळी लक्षात आलं.

३१ मार्च
लेख: शीर्षक, अर्पणपत्रिका.

सकाळी रिव्हॉल्वर ठाण्यात जमा केलं. हवालदार भला माणूस. कंपनी कोणती, म्हणाला. माहीत नाही. वडिलांकडे आलं कुठून? माहीत नाही. म्हणाला, मग घरी कोणा मोठ्या माणसाला फोन करून विचारा की, थांबतो मी.

आईला लावता आला असता. पण ती गेल्यापासून मी एकदाही फोन केलेला नाही. पहिलाच फोन रिव्हॉल्वरसाठी कुठल्या तोंडाने करणार?

म्हणालो, घरी कोणी नाही.

एवढंच बोललो आणि हुंदका आला. मग थांबेचना, सगळ्या ठाण्यासमोर. हवालदाराने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. म्हणाला, होतं असं साहेब, पुष्कळांचा जीव असतो हत्यारावर.

मी मान हलवली.