मातीचे उंदीर आणि मोटारीच्या स्प्रिंगा

रोहा, सप्टेंबर १९९६
विसर्जनाची सकाळ

प्रिय जगनदादा,

तुला नमस्कार, वहिनींना त्याहून वाकून नमस्कार, आणि तुझ्या कमरेची विशेष चौकशी. पुण्याच्या रस्त्यांनी तिची पार वाट लावली असं तू गेल्या पत्रात लिहिलं होतंस. रस्त्यांना दोष देण्यापूर्वी तू एकदा स्वतःच्या मोटारीखाली वाकून बघावंस असं मला वाटतं. (वाकता येत नसेल तर वहिनींना बघायला सांग.) आम्ही सगळे मजेत आहोत. पुढचं वाचताना तुला ही फुशारकी वाटेल. डायरीत मी ते परोपरीने सौम्य करून लिहून पाहिलं, दर वेळी फुशारकीच झाली. तेव्हा ती फुशारकीच आहे असं धरून वाच: तुझी बहीण जिंकली.

मोटार घेतल्यापासून मला दोन सवयी लागल्या, हे तुला ठाऊकच आहे. आठवडाभर तिच्यातून शाळेत जायचं, आणि सुटीच्या दिवशी हैबतरावांच्या मोटार मंडळात, मुरमाच्या मैदानावर, पिंपांना वळसे घालत घड्याळाशी शर्यत लावायची. (हैबतराव सैन्यातून निवृत्त झाले आहेत. शिट्टी वाजवल्याशिवाय त्यांना चहासुद्धा उतरत नाही.) चाळिशी उलटलेल्या शिक्षिकेने हे करावं का, असं मी स्वतःला बरेचदा विचारलं. उत्तर नेहमी नाही असंच आलं आणि मी नेहमी गेले. वळणावर आमची झेन होडीसारखी कलते, एवढं मी तुला कळवलं, आणि तू, मोटारींच्या कारखान्यात नोकरी करणारा माझा एकुलता एक भाऊ, वेटोळं कापून आखूड केलेल्या कडक स्प्रिंगा पाठवून दिल्यास. काळुरामच्या गॅरेजात त्या बसवल्या. मैदानावर मोटार अशी वळू लागली की तरणी मुलं मला मावशी म्हणायची थांबून मॅडम म्हणू लागली.

पण त्याच स्प्रिंगांवरून गेल्या वर्षी पेणहून आमचा गणपती आणला. वडखळ सोडलं आणि खड्डे सुरू झाले. नागोठणं यायच्या आत देवाचा मोदकाचा हात मनगटापासून निखळून सासूबाईंच्या ओटीत पडला. भंगलेली मूर्ती पूजेला चालत नाही, म्हणून पुन्हा पेण गाठलं आणि कुणीतरी न नेलेला गणपती घेऊन आलो. दोष तुझा नाही, दादा. स्प्रिंगा तुझ्या होत्या, एवढंच. आमच्या सासूबाईंना, चंद्रावतीबाईंना, तू ओळखतोस. त्यांचा शब्द आजवर कुणी फिरवलेला नाही. भरल्या घरात त्यांनी सांगून टाकलं, "पुढल्या वर्साला येक डाव देते. बाप्पाला यवढासा जरी चिरा गेला ना, तर ही गाडी दारात नाय ऱ्हायची गो." सुभाषनी मान डोलावली. (नवऱ्याने आईच्या बाजूने मान डोलावणं गैर नाही, पण इतक्या लगेच?)

म्हणजे मला मैदानावर पैलवान आणि रस्त्यावर पाळणा अशी मोटार हवी होती. काळुराम म्हणाला, कडक स्प्रिंगाच राहू द्या, देवाला खाली गादी घाला. हैबतराव म्हणाले, मूळच्या स्प्रिंगा बसवा आणि वेटोळ्यांमध्ये रबराचे गट्टू ठोका. तू कळवलंस की आणखी एक वेटोळं काप. (तुझं ऐकत गेले असते तर आज मोटार तव्यावरच्या भाकरीसारखी रस्त्याला चिकटली असती.) माझा दोष असा, की मला प्रत्येकाचं पटतं. काळुरामशी बोलून आले की काळुरामचं, हैबतरावांशी बोलून आले की हैबतरावांचं. अशाने आषाढ आला आणि मी पाट द्यायला पेणला गेले. आमची मूर्ती घरच्याच पाटावर घडते, म्हणून तो आधी मोतीराम मूर्तिकाराकडे पोचवावा लागतो. त्याच्या फळीवर शाडूचे उंदीर वाळत होते. शाडूच्या उंदराची शेपटी म्हणजे सुकलेली शेवई, जोरात शिंकलात तरी जाते. तिथेच मला युक्ती सुचली. मूर्ती प्रयोगाला मागायची माझी छाती नव्हती. डोळे रंगवलेले नसले तरी देव तो देव. उंदीरही त्याच घरचा, हे मला कळत होतं, आणि त्यावर विचार करत मी बराच वेळ उभी राहिले. तेवढ्यात मोतीरामने टाकाऊ उंदरांची टोपली माझ्या हातात दिली. घरी लहान पोरं असतील असं त्याला वाटलं असावं.

मग सुटीच्या दिवशी मागच्या सीटवर घरातला दुसरा पाट, पाटावर उंदीर आणि कोलाड ते नागोठणे फेऱ्या. कडक स्प्रिंगांवर एकाही उंदराची शेपटी वाचली नाही. गादी घातली तर शेपट्या गेल्याच, वर काही उंदीर उडून सीटखाली लपले. रबराच्या गट्टूंनी निम्मे उंदीर बोडके केले. शेवटी मूळच्या मऊ स्प्रिंगा परत बसवल्या. पहिल्या खड्ड्यात सगळे शाबूत राहिले! पण खड्डा मागे पडला तरी मोटार डुलतच राहिली आणि त्या डुलण्यात शेपट्या गळाल्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. खड्डा झेलायचं काम स्प्रिंगेचं आणि तिचं डुलणं आवरायचं काम शॉकअपचं, आणि आमचे शॉकअप कधीच दमले होते. स्प्रिंगा मूळच्याच ठेवल्या, शॉकअप नवे, गॅसचे, चांगले दमदार घातले, आणि पुढच्या चाकांमधली आडवी दांडी जरा जाड घेतली, म्हणजे वळणावर मोटार कलत नाही. त्या फेरीला उंदीर शेपट्यांसकट परत आले. मी रस्त्याच्या कडेला मोटार थांबवून एकटीच टाळ्या वाजवल्या. (एका गुराख्याने पाहिलं. इलाज नव्हता.)

आता खरी गोष्ट. हैबतरावांनी कॅलेंडर न बघता शर्यत ठेवली ती नेमकी हरतालिकेच्या रविवारी, म्हणजे आम्ही गणपती आणायच्या दिवशी. बेत असा होता की सकाळी सासूबाईंना घेऊन पेणला जायचं, देव घरी आणायचा, आणि मग सुभाषना शेजारी बसवून मैदान गाठायचं. चालकाशेजारी दुसरा माणूस हवाच असा मंडळाचा नियम आहे. पण सुभाषना डोलवीच्या कारखान्यात बदली शिफ्ट लागली, मोतीरामकडे ही गर्दी, आणि धाटावच्या अलीकडे मैदानापाशी आलो तर माझंच नाव पुकारत होते. मी सासूबाईंना म्हटलं, जरा उतरून बसता का? त्या म्हणाल्या, उचललेला देव घरच्या उंबरठ्याशिवाय मांडीवरून उतरत नाही. आणि मांडी त्यांची असल्यामुळे त्याही उतरणार नव्हत्या. मग राहू दे शर्यत, असं मी म्हटलं. मनापासून म्हटलं का, याचा निकाल डायरीत अजून लागलेला नाही.

तेवढ्यात हैबतराव खिडकीशी आले. "दुसरा माणूस कुठाय?"

"मी काय बकरी हाय?" सासूबाई म्हणाल्या.

हैबतरावांनी नियम आठवून पाहिले. सासू चालत नाही असं त्यात कुठे नव्हतं. हेल्मेट मात्र सक्तीचं. ते पदरावरून, अंबाड्यावर, देवळाच्या कळसासारखं टेकलं. मग त्यांनी दबकत मूर्तीकडे बोट केलं. "आणि यांना?"

"त्यांना मुकुट हाय. वाजव शिट्टी."

दादा, एरवी मी वळणात उसळून शिरते आणि मग ब्रेकवर नाचते. त्या दिवशी शेजारी देव होता आणि देवाच्या मागे सासूबाई. वळणाआधीच वेग उतरवला, वळण सबुरीने घेतलं, बाहेर पडताना पाय हळूहळू दाबला. पावसाने मुरूम लोण्यासारखा झाला होता. तरण्या मुलांनी घसरून पिंपं उडवली होती आणि प्रत्येक पिंपामागे त्यांची वेळ वाढली होती. आमच्या मोटारीने एकाही पिंपाला स्पर्श केला नाही. ती कलली नाही, डुलली नाही. पहिल्या वळणांना सासूबाई डोळे मिटून आरती पुटपुटत होत्या. मग पुटपुटणं थांबलं. शेवटच्या वळणाला माझ्या कानाशी आवाज आला, "आता सोड गो! बाप्पाला पन जरा वारा लागू दे!" मी सोडली.

पहिला नंबर, दादा. हैबतरावांनी घड्याळ हलवून, कानाला लावून पाहिलं, तरी पहिलाच.

घरी उंबरठ्यावर सगळ्या घराने मूर्ती निरखली. सोंड, हात, कान, मोदक, सगळं जागच्या जागी. (पायांवर सासूबाईंनी पदर धरला होता, दृष्ट लागू नये म्हणून.) "गाडी ऱ्हाईल," त्या म्हणाल्या, आणि मला इतकं रडू आलं की उपासामुळे आलं असं सांगावं लागलं. तुझ्या कडक स्प्रिंगा वाया गेल्या असं समजू नकोस. एकीवर पाण्याचा हंडा फार छान बसतो.

तुझी लाडकी आणि सध्या जरा चढलेली,
सगुणा

ता. क. हे पत्र मुळात एका कामासाठी लिहायला घेतलं होतं. पुण्यात अंबाड्यासकट डोकं मावेल असं हेल्मेट मिळतं का, बघशील? पुढच्या शर्यतीसाठी सासूबाईंनी दुसरा माणूस म्हणून सुभाषचं नाव परस्पर काढून स्वतःचं घातलं आहे. रंग जास्वंदी हवा.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, ते बरं झालं. आत्ताच विसर्जनाहून आलो. नदीवर फुलं उतरवली, तेव्हा सासूबाई रोज उंदराभोवती रचत होत्या तो जास्वंदीचा ढीग प्रथमच बाजूला झाला. दादा, उंदराला शेपटी नव्हती. सासूबाईंनी कनवटीचा शेवईएवढा तुकडा काढून शांतपणे देवाबरोबर पाण्यात सोडला. मी कसंबसं विचारलं, आई, मग गाडी? त्या म्हणाल्या, "बाप्पाला चिरा गेला तर, आसा बोलली व्हते मी. उंदराचा कोन बोलला?" थोडं चालून गेल्यावर मागे वळल्या. "सुभाषला नको सांगूस गो. आन् टोपी लवकर मागव."