ह्यांचा पगार कमी करून मिळण्याबाबत

सोमवार, ३ जून. सकाळी.
देवाच्या कृपेने महिन्याची मांडणी बसली. दूध कमी केलं. लेकीला नर्सिंगच्या कोर्सला नाही म्हणून सांगितलं. ह्यांच्या पगारात ती फी बसत नाही. बसत असती तर मी बसवली असती. मॅट्रिक आहे, हिशोब मला कुणी शिकवायला नको. ॲडमिशनची मुदत शनिवार १५ पर्यंत आहे, असं ती परत परत म्हणाली. ऐकून घेतलं.

बुधवार, ५ जून.
सरकारने नवीनच काढलंय. सगळ्या कर्मचाऱ्यांचे पगार साइटवर, नावासकट. कुणीही पाहावेत! लेकीने मोबाइल नाकासमोर धरला. ह्यांच्या नावापुढे दुप्पट आकडा. मला हसूच आलं. सरकारी काम, छपाईत चुकले. लेक म्हणाली, छापत नाहीत गं आता. मोठी शहाणी. पगाराचं पाकीट हे दर महिन्याला माझ्या हातात देतात. ऑफिसच्या नावाचं, चिकटवलेलं. देवापुढे ठेवते, मगच फोडते. आणखी पुरावा काय हवा?

गुरुवार, ६ जून.
जिन्यात वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी गाठलं. म्हणाल्या, एवढा पगार, आणि पेपर आमच्याकडचा शिळा नेता होय! लाजेने मेले. ह्यांची नाहक बदनामी. ठरवलं, आकडा कमी करून आणायचाच. ह्यांना कळू द्यायचं नाही, मनाला लावून घेतील. लेक म्हणते, सरळ बाबांनाच विचार ना. काहीतरीच. देवमाणसाला असलं विचारतात का?

सोमवार, १० जून.
साइट सांभाळणाऱ्या ऑफिसात जाऊन आले. चालत गेले. बसचे पैसे वाचले, चपलेचा अंगठा तुटला.
खिडकीतल्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. म्हणाले, काकू, लोक पगार कमी दाखवला म्हणून भांडायला येतात. जास्त दाखवला म्हणून आलेल्या तुम्ही पहिल्याच. मी म्हटलं, खोटं आम्हाला पचत नाही. पाकिटाचंही सांगितलं. ते म्हणाले, पाकीट कसलं? पगार कितीतरी वर्षं थेट बँकेत जातो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी त्यांना गप्प केलं आणि मला पाणी दिलं.
माणसं चांगली, माहिती कच्ची. बँकच पाकिटात घालून देत असणार. ऑफिसच्या नावाचं पाकीट बँकेकडे कसं, ते उद्या बघू.

बुधवार, १२ जून.
बघायचं राहिलं. जप वाढवला. लेकीने पुन्हा मुदतीचं काढलं. म्हटलं, दुरुस्ती होऊ दे, मग तुझं तुलाच पटेल.

शुक्रवार, १४ जून.
दुरुस्ती झाली! माझ्या अर्जामुळे कागद तपासले, तर ह्यांची यंदाची वाढ धरायची राहिली होती. आकडा आणखी चढला.
संध्याकाळी हे आले. ऑफिसात सगळे हसले म्हणे. लेकीनेच तोंड उघडलं. बाबा, बाकीचे पैसे कुठे जातात? हे म्हणाले, या घरात काय कमी पडतं? लेक माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, काही नाही. तोंडातून आपोआप गेलं. हे जेवले, आडवे झाले.
एवढे गप्प, म्हणजे कारण मोठं असणार. कुणाला तरी गुपचूप मदत करत असतील. माणूसच तसा. उद्या शांतपणे विचारीन. दुपारपर्यंत मुदत आहेच.

शनिवार, १५ जून.
ह्यांचं डोकं दुखत होतं. विचारलं नाही.

सोमवार, १ जुलै.
लेक आजपासून कापडाच्या दुकानात लागली. निघताना सहज विचारलं, पगार किती ठरला गं? पायात चपला सरकवत म्हणाली, साइटवर बघ.
दुपारी वरच्या वहिनींच्या मोबाइलवर बराच वेळ शोधलं. त्या दुकानाची साइट नाही.