काळ्याले बुधरीकडं ठेवलं

गोकुळा,

कुंताच्या अस्थी घेऊन सकाळच्या मोटारीनं मार्कंड्याले जाऊन राह्यलो. तुले उठवलं नाई.

काळ्याले टोल्यावरच्या वस्तीतल्या बुधरीकडं ठेवलं. आपली पोरगी गेल्यापासून तो तिच्या खाटेखालून निघतच नव्हता. बाबुलालनं काठी दाखवली, मनसारामनं दोर बांधून ओढला. कुत्रा भेवानं मुतला बिचारा, पण हलला नाई. बुधरी आली अन् त्याच्याकडं पाठ करून नुसती बसली. दुपारी मासोळीचं मुंडकं बाजूले ठेवलं. सांजेले त्यानं खाल्लं अन् तिच्या मागं गेला.

चार दिवस 'जेव, जेव' म्हणून मी तुह्यावर ओरडलो, ते चुकलंच माह्यं. बुधरी आज तुह्याजवळ येऊन बसंल. काही बोलणार नाई. तिनं बाजूले भात ठेवला, तर जेवजो.

— कुंताचा बाप