पाहुणी आणि घरची

३ नोव्हेंबर

दादाचा फोन. पुढच्या आठवड्यात येतोय. "गिटारी दोन, आपण दोघं. एक तू ठेव, एक मी नेतो. तू धाकटी, आधी तू निवड." एवढं बोलून लगेच हवापाण्यावर गेला – जशी काही छत्र्यांची वाटणी!

आई आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिच्यासोबत तिची उशी, देवाच्या तसबिरी आणि या दोघी आल्या. मधल्या खोलीत कपाटाला टेकून उभ्या असतात. नवरा म्हणतो, तुझ्या माहेरच्या दोन बायका सारख्या माझ्यावर नजर ठेवून आहेत असं वाटतं.

एक परदेशी, एक इथली. घरात त्यांना कधी गिटार म्हटलंच नाही कोणी. एक पाहुणी, दुसरी घरची.

दादा नेईल ती विमानात बसून जाईल. ती परत माझ्या कानावर पडणार नाही. बाबांचे फोटो आहेत, चष्मा आहे, पण आवाज कुठेच नाही. आहे तो या दोघींत. कुठलीत जास्त आहे?


४ नोव्हेंबर

पाहुणी आली तो दिवस आठवतोय. मी तिसरीत असेन. आत्याचे यजमान बोटीवर होते, त्यांनी ती आणली. काळी कडक पेटी, आत शेंदरी मखमल. पेटी उघडली आणि लाकडाचा एक वास आला – नव्या पेन्सिलीला टोक केल्यावर येतो तसा, पण मोठा. आम्हाला हात धुवून रांगेत उभं केलं. दादाने एक तार छेडली. ती वाजतच राहिली. आई म्हणाली, "आता हिला थांब म्हणायचं तरी कसं?"

बाबा मात्र तोपर्यंत घरचीवर वाजवत होते. लग्नाआधीपासूनची. त्यांच्या छापखान्याच्या मागच्या गल्लीत एक सुतार गिटारी बनवायचा, त्याच्याकडची. जाड, जड, वार्निशचे ओघळ दिसणारी. खिळ्याला टांगलेली असायची. पाहुणी पलंगाखाली पेटीत.

लोक आले की पाहुणी बाहेर निघायची. "वा, बाहेरची ना? आवाजच सांगतो!" म्हणत माना डोलवायचे. एकदा बाबांनी मुद्दाम घरची वाजवली, पाहुणीची रिकामी पेटी शेजारी नुसती उघडी ठेवून. तरी एक शेजारी म्हणाले, बाहेरच्या मालाची सर कशालाच नाही! बाबा आत येऊन ओट्याला टेकून हसत राहिले. मग म्हणाले, "पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं."


५ नोव्हेंबर

आज दोघींवरची धूळ पुसली. बाकी काही नाही.


७ नोव्हेंबर

सुट्टी होती. ठरवलं, आज सोक्षमोक्ष. दोघींना समोरासमोर बसवलं.

आधी सुरात लावल्या, आपापल्या रीतीने. पाहुणी बाबांच्या शिट्टीवर लागते. ती तोंडाने फुंकायची छोटी शिट्टी अजून पेटीच्या कप्प्यात आहे. घरचीची रीत वेगळी. तिला शिट्टी लावायची नाही. आईने स्वयंपाकघरातून "सा" द्यायचा आणि बाबांनी त्यावर खुंट्या पिळायच्या, मग तिने गायचं. घरचीची मान कमकुवत, शिट्टीचा सूर तिला सोसत नाही – हे आम्हाला बाराखडीबरोबर शिकवलेलं.

"आई, सा दे गं." तिने भाजी निवडता निवडता दिला. वर बघितलंही नाही.

मग वाजवलं. पाहुणी – उजळ, मोकळी. प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. बोट ठेवताच पडद्यावर बसतं, दुखत नाही. सूर उठतो आणि बराच वेळ खोलीत फिरतो. घरची – तारा उंच, बोटांना वळ पडतात, वरच्या पडद्यांवर तर सूर फसफसतो. पण खालच्या तारा! कोणी छातीशी धरून बोलावं तसा आवाज. सूर लवकर विझतो, पण विझताना ऊब सोडून जातो.

डोळे भरले. आई म्हणाली, कांदा मी चिरतेय आणि रडतेस तू.

निवड झाली म्हणायची. घरची माझी.


९ नोव्हेंबर

घरचीच्या तारा जरा खाली बसवून मिळतात का बघायला दुरुस्तीच्या दुकानात गेले. पाहुणीही नेली – म्हटलं जाण्याआधी हिचीही तब्येत बघून घेऊ. दुकान एक बाई चालवते, माझ्याहून लहान असेल. सासऱ्यांकडून शिकली म्हणाली. नवऱ्याला सूर कळत नाही, तो गल्ल्यावर बसतो.

पाहुणीचं पोट तिने बोटाच्या पेराने वाजवलं आणि नुसतं "हं" म्हणाली. सलग लाकडाची फळी, जुनी होत जाते तशी बोलकी होते. घरची प्लायवूडची. चांगल्या सुताराने केलेली, पण प्लायवूडची. फळी जाड, वरून वार्निशचा थर. "हिला बोलायचंय, पण स्वेटर घालून बसवलंय," म्हणाली.

मग तिने घरचीला सूर दाखवणारा चिमटा लावला. भुवया वर. ही एक पट्टी खाली का?

जुन्या तारा, दोन दिवसांत सैल पडल्या असतील, मी म्हटलं. तिने मान हलवली. सैल पडल्या असत्या तर वाकड्यातिकड्या उतरल्या असत्या. या सहाही सारख्या खाली आहेत. कोणीतरी जाणूनबुजून लावलंय.

मग मी ते पाठ केलेलं उत्तर दिलं – हिची मान कमकुवत आहे, ताण सोसत नाही. बाई हसायलाच लागली. मानेवरून डोळा लावून बघितलं, पोटाच्या भोकात हात घालून चाचपलं.

"ताई, हिच्या मानेत लोखंडी सळई आहे. हिच्यावर ओल्या चादरी वाळत घाला. हिला काही होत नाही."

आणि माझ्यादेखत खुंट्या पिळल्या. मी अंग चोरून उभी, आता कडाड वाजेल म्हणून. काही वाजलं नाही. घरची पूर्ण सुरात आली.

आणि कोरडी झाली. ती ऊब गेली! खोक्यावर टिचकी मारावी तसा आवाज. मग बाईने पाहुणी एक पट्टी खाली उतरवली – आणि ती छातीतून बोलायला लागली. घरचीपेक्षा खोल, घरचीपेक्षा गोड.


१० नोव्हेंबर

दिवसभर लोकांचे कान तपासले. बंद खोलीत बसवायचं, कानाला यंत्र, सूर ऐकू आला की बटण दाबा. हा माझा धंदा! आणि घरातली गिटार एक पट्टी खाली आहे हे मला इतक्या वर्षांत ऐकू आलं नाही.

गिटार म्हणून बघितलं तर पाहुणी कितीतरी सरस. वाद नाही. ज्याला मी घरचीचा गोडवा समजत होते तो फक्त सैल तारांचा.

मग मी नक्की कशावर जीव लावला होता?


११ नोव्हेंबर

आईला आडून विचारलं. बाबा घरची इतकी खाली का लावायचे गं?

"मान नाजूक ना तिची. ओढून बांधली तर वाकेल म्हणायचे. म्हणून मला सा खाली द्यायला लावायचे."

कधीपासून?

"दादा झाला त्यानंतर. तेव्हा माझा घसा पार बसला होता. त्याच सुमारास घरचीची मान बिघडली."

असं म्हणून ती कपड्यांच्या घड्या घालायला लागली. मी दारात उभी राहिले. त्याच सुमारास!

बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. काना, मात्रा, वेलांटी – लोकांच्या चुका काढणं हेच काम. आमच्या वह्यासुद्धा सुटायच्या नाहीत. आणि आईचा आवाज वर चढेना तेव्हा त्यांनी चूक गिटारीच्या नावावर टाकली. जणू सांगत होते – सूर खाली आला तो गिटारीसाठी, तुझ्यासाठी नाही. तू गा.

धडधाकट गिटारीला जन्मभर आजारी ठरवलं. आम्ही भावंडं तर तिला हळू हळू उचलायचो.

आईला यातलं काही सांगायचं नाही. इतकी वर्षं झाकलेलं आता मी उघडू? घरची माझ्याकडेच राहणार. आता तर नक्कीच.


१४ नोव्हेंबर

दादा आला. केस पांढरे, पण चपला अजून दारातच आडव्या. आईने त्यावरूनच सुरुवात केली.

जेवण झाल्यावर मी म्हटलं, घरची मी ठेवते. त्याचा चेहरा पडला. लहानपणी पतंग कटल्यावर पडायचा तसाच.

"मला वाटलं तू पाहुणी घेशील! म्हणून तर आधी निवड म्हटलं."

लबाड! मोठेपणाही मिळणार आणि गिटारही. मी म्हटलं, पाहुणी जास्त चांगली आहे, दुकानदारीणबाईने सांगितलंय. तो म्हणाला मला चांगली नकोय, मला घरची हवीय, बाबांनी मला पहिलं बोट तिच्यावर ठेवायला शिकवलं. मी म्हटलं, मलाही तिच्यावरच शिकवलं! आवाज चढले. शेवटी आई म्हणाली, घरचीची मान आणि पोट वेगळं करा आणि एकेक न्या.

तरी कोणी मागे सरलं नाही.


१५ नोव्हेंबर

दादाला गच्चीत नेलं आणि सगळं सांगितलं. सळई, ओल्या चादरी, आईचा बसलेला घसा. तो कठड्याला टेकून ऐकत होता. आधी हसला. "आणि मी शाळेत सांगायचो, आमच्या गिटारीला मणक्याचा त्रास आहे." मग चष्मा काढून पुसत बसला. बराच वेळ पुसला.

"आई इथे आहे, तर घरचीही इथेच हवी," म्हणाला. "तिला आईच्या सुरात लावणारं कोणीतरी लागेल. मी तिकडे कोणाला सा मागू?"

पाहुणी त्याची झाली. पेटीला नवी कुलपं आणली.


१८ नोव्हेंबर

दादा गेला. मधली खोली रिकामी वाटते. कपाटाला एकटीच टेकलेली.


१९ नोव्हेंबर

दुकानातून आल्यापासून घरची वरच्या पट्टीतच होती. आज संध्याकाळी आईसाठी तिला खाली उतरवायला घेतलं. पहिली खुंटी सैल केली तशी आई पलंगावरून म्हणाली, "राहू दे की वरच."

आणि त्या वरच्या सुरात गायला लागली. आवाज कापत होता, पण सूर लागला. पूर्ण लागला, कडव्याच्या शेवटापर्यंत.

आई, तुझा घसा?

"तो महिन्याभरातच सुटला होता. पण हे रोज तारा खाली लावून माझ्याकडे वाकून विचारायचे, झेपतंय ना? मग कशाला सांगायचं."